गावंडे काकूंच्या गच्चीवरून गेलेला डोळा

माझ्या लॅपटॉपवर मायनस चौतीसचं मायनस एकसष्ट झालं, तेव्हा डॉ. तायडे मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये एका आजोबांचा मोतीबिंदू काढत होत्या. सव्वा किलोमीटरवरच्या हॉलमध्ये वऱ्हाडभरातून आलेले डोळ्यांचे तीनशे डॉक्टर काळे चष्मे लावून ते ऑपरेशन थ्रीडीमध्ये बघत होते. मोठ्या पडद्यावरचा डोळा एकदम चौकटी-चौकटींचा झाला आणि थिजला.

हॉलमधून स्पीकरवर एक म्हातारा, पण खणखणीत आवाज आला. "तायडे, मला काही दिसत नाही."

मॅडमचे हात थांबले नाहीत. पेशंटला त्याने काही फरक पडत नव्हता, त्यांना स्वतःला मायक्रोस्कोपमधून सगळं दिसत होतं. फरक मला पडत होता. लिंक माझी होती.

मी वायरलेस लिंक बसवते. दोन बिल्डिंगांच्या मध्ये वायर न टाकता इंटरनेट किंवा व्हिडिओ न्यायचा असेल तर दोन्ही गच्च्यांवर एकेक ॲन्टेना लावायची, दोघींची तोंडं एकमेकींकडे करायची आणि हवेतून डेटा पाठवायचा. ऑफिस अमरावतीला आहे. काळमेघ साहेब माझे बॉस. आमच्यासोबत गजूभाऊ असतात, ते रिगर. म्हणजे टॉवरवर, टाकीवर चढून ॲन्टेना बसवणारा माणूस. वय पन्नासच्या पुढे, पण पोलवर असे चढतात की खाली उभं राहून बघणाऱ्याचेच पाय कापावेत.

ही वर्कशॉप मे महिन्यातली. दवाखान्यापासून हॉलपर्यंत आधी फायबर केबल होती. वर्कशॉपला आठवडा राहिला असताना रस्त्याच्या कामावरच्या कुठल्या तरी जेसीबीने ती तोडली. जोडून मिळायला पंधरा दिवस लागतील असं उत्तर आलं. मोबाईलच्या नेटवर हे काम होणारं नव्हतं. मायक्रोस्कोपमधून डाव्या डोळ्यासाठी एक आणि उजव्या डोळ्यासाठी एक, अशी दोन अतिशय बारीक चित्रं निघतात. ती दाबून लहान केली तर पोचायला उशीर होतो. न दाबता पाठवायची तर सेकंदाला चार-पाच गिगाबिट लागतात.

मी साहेबांना म्हटलं, "सर, ई-बँड लावू."

"अकोल्यात? मे महिन्यात? कधी लावलाय का तू?"

"नाही."

"मीही नाही. लाव."

हा बँड काय ते सांगते. रेडिओच्या लाटेला लांबी असते. एफएम रेडिओची लाट सुमारे तीन मीटरची, म्हणजे एखाद्या बाजेपेक्षाही लांब. घरातल्या वायफायची बोटाएवढी. आम्ही वापरणार होतो ती ऐंशी गिगाहर्ट्झची लाट चार मिलिमीटरचीही नव्हती. तुरीच्या दाण्याहून लहान. अशा लाटांना मिलिमीटर वेव्ह म्हणतात. यांच्या पट्ट्यात जागा भरपूर, त्यामुळे डेटा धो-धो जातो. नव्या गाड्यांच्या पुढे जो रडार असतो तोही याच कुटुंबातला. फाइव्ह-जीचा सगळ्यात वेगवान पट्टा या कुटुंबाच्या अगदी शेजारचा.

पण लाट जितकी लहान, तितके तिचे नखरे जास्त. भिंत आली, थांबली. झाडाची पानं आली, थांबली. पाऊस जोरात आला की एकेक थेंब तिला खातो. म्हणून दोन ॲन्टेनांच्या मध्ये हवेशिवाय काही नको, आणि नेम अगदी पक्का पाहिजे. आमच्या ॲन्टेनाचा झोत एक अंशापेक्षाही बारीक होता. पोलचा नट अर्धं पेर जास्त फिरला की समोरचीला तुम्ही दिसत नाही.

ज्या टेलिकॉम कंपनीची कामं आम्ही करतो तिच्याकडे या पट्ट्याची परवानगी होती. कंपनीने सेट दिला. गुरुवारी मी दवाखान्याच्या गच्चीवर आणि गजूभाऊ हॉलच्या पाण्याच्या टाकीवर, असे आम्ही साडेचार वाजता चढलो. मध्ये मोर्णा नदी, आणि पुढे शेकडो गच्च्या. उन्हाने लोखंडाला हात लागत नव्हता. डोक्याला दुपट्टा, हातात मोजे, कानात फोन. मी इकडे सूतभर फिरवायचं आणि ते तिकडे आकडा ओरडायचे.

"मायनस ऐंशी मॅडम. काईच नाई."

"आता?"

"थांबा, थांबा... मायनस पासष्ट! अजून, अजून! पंचावन्न! अवं थांबा, गेली!"

असं दीड तास. सहा वाजता लेव्हल एकदम मायनस चौतीसवर येऊन बसली. लेव्हल म्हणजे समोरून आलेला सिग्नल किती जोरात पोचला त्याचं माप. शून्यापासून जितकं लांब तितका सिग्नल कमजोर. कागदावरच्या हिशोबाने मायनस तेहतीस यायला हवं होतं. एका आकड्याचा फरक! मी गच्चीवर एकटीच होते म्हणून बरं, कारण मी चक्क नाचले. फोनवर गजूभाऊ विचारत होते, "काय झालं मॅडम, इंचू चावला काय?"

शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी ट्रायल घेतली. दोन्ही वेळा चित्र काचेसारखं. डॉ. तायडे मॅडम आमच्याहून खूश. त्यांनी शनिवारी मला बाजूला घेतलं.

"उद्या अकरा वाजता जे ऑपरेशन आहे ना, त्याचं तुम्हाला माहीत असायला हवं. पेशंट पातूरचे पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या रंगवतात. एक डोळा लहानपणीच गेलाय. दुसऱ्याचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची काच समजा, धुरकट झालीय. जुन्या पद्धतीत मी अख्खी काच बदलते. टाके येतात, नजर नीट व्हायला वर्ष लागतं. नव्या पद्धतीत फक्त आतला पापुद्रा बदलायचा. महिन्या-दोन महिन्यांत माणूस कामाला लागतो. पण हे मी स्वतंत्रपणे पहिल्यांदा करतेय. माझे सर हॉलमध्ये बसणार. ब्याऐंशी वय, ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहणं त्यांना जमत नाही. ते पडद्यावर बघून माझ्या कानात सांगणार."

"हो मॅडम."

"पूर्ण ऐका. चित्र अडखळत असेल तर मी जुनी पद्धत करणार. पेंटरकाकांशी दोन्ही बोलून ठेवलंय. ते म्हणाले, जे जमेल ते करा. मला अकराला तुमच्याकडून हो किंवा नाही पाहिजे. बघू, होईल, असलं काही नको."

मी ऐटीत म्हणाले, "मॅडम, हो आत्ताच देते."

आणि आता रविवारी सकाळी नऊ चाळीसला मी सर्व्हर रूममध्ये लॅपटॉपसमोर घामाघूम झाले होते.

तीन-चार मिनिटांनी लेव्हल आपोआप वर सरकू लागली. एकसष्ट, पंचावन्न, पन्नास. लेव्हल मायनस पन्नासला आली तसं चित्र आलं. आमचा रेडिओ गिअरच्या गाडीसारखा असतो. सिग्नल चांगला तर टॉप गिअर, कमी झाला की मेळघाटातल्या घाटात एसटी टाकते तसा खालचा गिअर टाकतो. डेटा कमी जातो, पण गाडी बंद पडत नाही. म्हणून चित्र गेलं तरी आवाज शाबूत होता. नऊ पन्नासला लेव्हल परत चौतीस. मी श्वास सोडला.

नऊ अठ्ठावन्नला पुन्हा धाडकन एकसष्ट. या मापात दर दहा आकड्यांना सिग्नल दहा पटीने घटतो. सत्तावीस आकडे खाली, म्हणजे पाचशे पटीने बारीक.

मी गजूभाऊंना फोन लावला. ते हॉलच्या टाकीपाशी होते.

"गजूभाऊ, ॲन्टेना हलली का?"

"नाई मॅडम. मी हात लावून पायली. नट टाईट हाये."

"समोर काही आलंय का?"

"समोर?" ते म्हणाले. "समोर तं अकोला हाये मॅडम."

"नवीन काही? क्रेन, झाड, होर्डिंग?"

"कायचं झाड! सबन कपडे वाळून राहिले लोकाईचे."

कपड्यांचं मी मनावर घेतलं नाही. याला कारण होतं आणि ते माझ्याच डोक्याचं होतं. सेट आला त्या दिवशी ऑफिसमध्ये दोन ॲन्टेना समोरासमोर ठेवून मी आणि साहेबांनी मध्ये वेगवेगळ्या वस्तू धरून पाहिल्या होत्या. प्लायवूड, पत्रा, कुंडी आणि साहेबांचा उन्हात बांधायचा सुती दुपट्टा. दुपट्ट्याने लेव्हल एक आकडाही पडली नव्हती. मी सर्व्हेच्या कागदावर लिहून टाकलं होतं, गच्च्यांवर कपडे, फरक नाही.

साहेबांना फोन लावला. ते अमरावतीला घरी होते.

"सर, लेव्हल सत्तावीसने पडतेय. आपोआप परत येते."

"पोल तापला असेल. लोखंडाला एका बाजूने ऊन लागलं की ते त्या बाजूने फुगतं, पोल वाकतो. तुझा झोत एवढासा. चुकणारच."

मला ते पटलं. मी फोन ठेवायच्या बेतात होते, पण लॅपटॉपवर आलेखाची रेघ समोर होती आणि ती पोलशी जुळत नव्हती. पोल वाकायचा तर हळूहळू वाकेल. लेव्हल सावकाश उतरायला हवी. ही तर टाकीवरून उडी मारल्यासारखी एका क्षणात खाली येत होती, आणि वर मात्र रमतगमत चढत होती.

"सर, पडते धाडकन आणि चढते हळूहळू."

"असं तर पावसात होतं."

"तेच म्हणतेय. आलेख पावसाचा आहे."

"प्रज्ञा, बाहेर बघ."

मी बघितलं. आभाळ पांढरंफटक. दवाखान्याच्या वॉचमनने खुर्ची सावलीमागे सरकवली होती, आणि सावली तिथून निघून गेली होती.

"सर, पाऊस नाहीये."

"मग तो आलेख पावसाचा नाही."

दहा सोळाला तिसरी उडी. मायनस बासष्ट. स्पीकरवर पुन्हा तो खणखणीत आवाज, "तायडे, तुझ्या त्या वायरलेसवाल्या बाईंना म्हणावं, मी डोळे मिटून ऐकतो आता." तीनशे जण हसले. मला हसू आलं नाही. वर पुन्हा तसंच सावकाश चढणं. दर सोळा-अठरा मिनिटांनी कुणी तरी माझ्या लिंकवर छोटासा पाऊस पाडत होतं.

मी दुपट्टा गुंडाळला, स्कूटी काढली आणि हॉलकडे निघाले. दहा पंचवीस झाले होते.

हॉलची टाकी चढून वर गेले तेव्हा गजूभाऊ टाकीच्या पलीकडच्या सावलीत, सगळ्या अकोल्याकडे पाठ करून बसले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. अलीकडच्या बाजूला उभं राहिलं तर चपलेचं रबर मऊ होत होतं. मी ॲन्टेनाच्या मागे उभी राहिले, तिच्या डोक्यावरच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावला आणि तिला दिसतं ते पाहिलं.

मला दवाखाना दिसायला हवा होता. मला एक जांभळं लुगडं दिसलं.

शे-सव्वाशे मीटरवर एका घराची गच्ची. तिच्या पूर्वेच्या कठड्याला दहा फुटी बांबू बांधून त्यावर सुती लुगडी टांगली होती. जांभळं, पोपटी, एक कुंकवाच्या रंगाचं. पडदाच उभा केला होता. पडद्याच्या अलीकडे बाया बसलेल्या, दहा-पंधरा तरी. त्यांची डोकीच तेवढी दिसत होती.

"हे कधी बांधलं?"

"सकाळीच मॅडम. कुरड्या करून राहिल्या बाया. ऊन लागते म्हून आडोसा केला." मग ते म्हणाले, "सांगतलं ना मी, कपडे म्हून."

मी म्हणणार होते की सुती कापडाने काही होत नाही. फोनवर लेव्हल बघितली तर मायनस पस्तीस. म्हणजे लुगडी अगदी आडवी असूनही सिग्नल पार होत होता. मग मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. एक बाई उठली. हातात स्टीलचा मग. तिने बादलीत बुडवला आणि जांभळ्या लुगड्यावर सपकन पाणी मारलं. मग पोपटीवर. मग कुंकवाच्या रंगावर.

"गजूभाऊ, लेव्हल!"

"मायनस एकसष्ट!"

मी टाकीवर खाली बसले आणि हसत सुटले. हसू थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांचा कोरडा दुपट्टा! आम्ही दोघांनी मिळून पत्रा तपासला, कुंडी तपासली, पण दुपट्टा ओला करून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पावसाचे थेंब जे करतात तेच लुगड्यात मुरलेलं पाणी करत होतं. आणि अकोल्याच्या उन्हात ते लुगडं दहा मिनिटांत वाळत होतं, म्हणून लेव्हल सावकाश चढत होती. आलेख खराच पावसाचा होता. फक्त हा पाऊस मगाने पडत होता.

"हसून काय राहिले मॅडम? साडेदहा वाजून गेले."

मी धावत खाली उतरले.

ते घर गावंडे काकूंचं. दार उघडंच. जिना चढून वर गेले तर एकदम गव्हाच्या शिजलेल्या चिकाचा वास आणि गार वारा. बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन आणि इथे ओल्या लुगड्यांतून येणारी झुळूक. बाया सोऱ्या फिरवत होत्या, चादरींवर पांढऱ्या कुरड्यांच्या रांगा पडत होत्या. मधोमध साठीच्या काकू पातेल्यात लाकडी दांडा घालून चीक घोटत बसलेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि गल्लीतल्या सगळ्या मदतीला आल्या होत्या.

"कोन पायजे वो पोरी?"

"काकू, मी वायरलेसचं काम करते. समोरच्या हॉलवर आमची ॲन्टेना आहे. तिच्यातून दवाखान्यातलं ऑपरेशन दिसतं. ते तुमच्या गच्चीवरून जातं."

"काय जाते?"

"चित्र. डोळ्याच्या ऑपरेशनचं."

दांडा थांबला. "आमच्या गच्चीवरून डोया जाऊन राहिला?"

सगळ्या सोऱ्या थांबल्या. एकीने झटकन वर पाहिलं.

"इथून," मी हात वर करून दाखवलं. "तुमच्या डोक्यावरून. बैलगाडीच्या चाकाएवढा झोत आहे. कोरडं लुगडं त्याला चालतं. ओलं चालत नाही. तुम्ही पाणी मारलं की तिकडचं चित्र बंद पडतं."

"काई तरी सांगतं बापा!" मगवाल्या बाई म्हणाल्या. या काकूंच्या जाऊबाई, सुमनबाई. "माह्या मगानं डॉक्टरचा टीव्ही बंद पडते?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी फोन स्पीकरवर टाकला. "गजूभाऊ, लेव्हल सांगा."

"मायनस बेचाळीस. चढून राहिली."

"सुमनताई, मारा पाणी."

सपकन पाणी बसलं. फोनमधून आवाज आला, "गेली! एकसष्ट!"

 गच्चीवर असा काही हशा उठला की खालच्या रस्त्यावरचा माणूस वर बघायला लागला. सुमनबाई मग हातात घेऊन बघत होत्या, जणू तो त्यांना पहिल्यांदाच दिसला होता.

"थांब, थांब. आता लुगडं खाली घेऊन पाहू," एक म्हणाली. दोघींनी ओलं लुगडं बांबूवरून काढून खाली ओढलं.

"छत्तीस!" फोन ओरडला.

"टाक परत!"

"साठ!"

"काढ!"

"छत्तीस! अवं मॅडम, कोन करून राहिलं हे?"

बायांना इतका चेव आला की मला त्यांना आवरावं लागलं. मलाही तो खेळ थांबवावासा वाटत नव्हता हे कबूल करते. पण दहा बेचाळीस झाले होते. मी पेंटरकाकांचं सांगितलं. पातूरचे आहेत, पाट्या रंगवतात, एकच डोळा आहे, अकराला ऑपरेशन आहे, आणि चित्र नीट गेलं तर त्यांना वर्षभर थांबावं लागणार नाही.

हसणं ओसरलं. काकूंनी पातेल्यात पाहिलं, मग उन्हाकडे.

"हे पाह्य पोरी, चीक शिजेल हाये. थंडा झाला का सोऱ्यातून निंगत नाही, सारा वाया. आन् लुगडे काढले तं या बाया उन्हात बसतीन कशा? मांगच्या वर्षी एकीले भोवळ आली होती."

बरोबर होतं. त्यांना उठवण्याचा मला काय अधिकार? मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. बांबू दहा फुटांचे. झोताचा मध्य गच्चीपासून साधारण आठ फुटांवर. चाकाचा खालचा काठ सहा फुटांच्या आसपास.

"काकू, बाया तर बसलेल्याच आहेत. वारा लागतो तो खालच्या भागातून. वर नुसती सावली पाहिजे. वर कोरडी लुगडी टांगू, खाली ओली. ओलं कापड माझ्या खांद्याच्या वर जाता कामा नये."

काकूंनी एकदा माझ्या खांद्याकडे पाहिलं आणि दांडा बाजूला ठेवला. "सुमन, कोठीतली दोरी आन."

पुढची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. सात-आठ बाया एकदम उठल्या. कोणी वरची लुगडी उतरवली, कोणी घरातून कोरडी आणली, कोणी खांद्याच्या उंचीला दोरी ताणली. मी मध्ये उभी राहून हात आडवा धरला होता आणि त्या माझ्या हाताला लावून दोरी बांधत होत्या. खाली ओली लुगडी गेली, वर कोरडी. फोनमधून गजूभाऊ एकेक आकडा देत होते, आणि प्रत्येक आकड्याला गच्चीवरून दाद मिळत होती. शेवटी सुमनबाईंनी खालच्या लुगड्यावर मग रिकामा केला. सगळ्या फोनकडे वाकल्या.

"मायनस पस्तीस," फोन म्हणाला. "हाल्ली नाई."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकीने माझ्या हातात वाटीभर गरम चीक ठेवला, वर तेल आणि तिखट.

दहा सत्तावन्नला मी डॉ. तायडे मॅडमना फोन केला. नर्सने त्यांच्या कानाला लावला असावा.

"हो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"कारण काय होतं?"

"मॅडम, नंतर सांगते. तुम्ही सुरू करा."

ऑपरेशन पन्नास मिनिटं चाललं. मी गच्चीवरच थांबले. दोरी सुटली, वारा आला, कोणी सवयीने पाणी वर उडवलं, तर बघायला कोणी तरी हवं होतं. पण माझी गरज पडली नाही. सुमनबाई स्वतः मग मांडीवर घेऊन पहाऱ्याला बसल्या होत्या. कोणाचा हात वर जाऊ देत नव्हत्या. आणि सगळ्या कुजबुजत बोलत होत्या. मी सांगितलं की आवाजाने त्या झोताला काही होत नाही, खुशाल बोला. काकू हळूच म्हणाल्या, "असू दे वो. ऑपरेशन चालू हाये न."

गजूभाऊ हॉलच्या दाराशी जाऊन उभे होते; अकरा पन्नासला आतल्या टाळ्या त्यांच्या फोनवरून ऐकू आल्या. मग तो खणखणीत आवाज, "तायडे, छान. आता मला शिकवायला काही उरलं नाही." मी तो आवाज स्पीकरवरून गच्चीला ऐकवला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच सोऱ्या उचलला, कारण चीक थंड होत होता.

पेंटरकाकांना दीड महिन्याने तपासलं तेव्हा त्यांनी चार्टवरच्या शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. त्यांनी डॉ. तायडे मॅडमना दवाखान्याच्या दारावरची पाटी नव्याने रंगवून दिली. अक्षरं मी जाऊन बघितली. सरळ आहेत, एकही हललेलं नाही. मला लग्नाचं आमंत्रण आलं होतं, पण त्या दिवशी धारणीला साइटवर होते. गजूभाऊ जाऊन आले आणि तीन दिवस जेवणाचं वर्णन करत राहिले.

वर्कशॉपच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ऑफिसला आल्यावर कामाचं एकच शिल्लक होतं. लिंक पडली की आमच्या सिस्टीममध्ये कारण भरावं लागतं. तिथे यादी असते, तिच्यातलं एक निवडायचं. वीज गेली, ॲन्टेना हलली, उपकरण बिघडलं, पाऊस. लुगडं नव्हतं. मी पाऊस निवडला.

साहेबांनी ते वाचून मला बोलावलं. "मे महिन्यात अकोल्यात पाऊस? वरचे लोक विचारतील."

"सर, खाली शेरा लिहिलाय. 'स्थानिक.'"

त्यांनी शेरा वाचला, सही केली आणि म्हणाले, "पुढचा सर्व्हे कधीचा आहे?"

"गुरुवारी, अंजनगाव सुर्जी. संध्याकाळी पाचला."

"लिंक कोणत्या वेळी लागणार आहे?"

"सकाळी दहा ते एक."

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी सर्व्हे सकाळी दहाचा केला. या धंद्यात मी एवढं शिकले आहे. गच्ची संध्याकाळी पाचला मोकळी दिसते, कारण तेव्हा तिच्यावर कोणाचं काही काम नसतं.